नाव कोरलेल्या आणि नाव न उरलेल्या
(स्थानिक स्त्रियांचा इतिहास लोकसंग्रहालयात नाट्यरूपाने उभा करताना)

आपल्या निवासी शाळांच्या स्नेहसंमेलनांत स्त्रीपात्रे बहुधा ठरलेली असतात. सुजाता खिरीचे पात्र घेऊन येते, किसागोतमी मोहरीसाठी दारोदार फिरते, आम्रपाली आपले आम्रवन संघाला अर्पण करते आणि अखेरच्या प्रवेशात माता रमाई गोवऱ्या थापताना दिसते. या सर्वजणी वंदनीय आहेत. त्यांची नाटके होतच राहावीत. परंतु तालमी घेताना एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. उल्हास नदीच्या काठी, दहिवली-कर्जतच्या परिसरात शिकणारी मुलगी इतिहासातील स्त्री रंगमंचावर उभी करते, तेव्हा ती स्त्री मगधातील, वैशालीतील किंवा फार तर मुंबईच्या चाळीतील असते. आपल्या जिल्ह्यात, आपल्या घाटाच्या वरच्या अंगाला, आपल्या खाडीच्या काठी इतिहास घडविणाऱ्या स्त्रिया नव्हत्या काय?

होत्या, आणि त्यांचे पुरावेही आहेत. मात्र हे पुरावे दोन अगदी उलट प्रकारचे आहेत. काही स्त्रियांचे नाव दगडात कोरलेले आहे, पण त्यांच्या आयुष्याची दुसरी ओळ नाही. काही स्त्रियांनी काय केले ते आपल्याला पक्के ठाऊक आहे, पण त्यांची नावे उरलेली नाहीत. स्थानिक स्त्रियांवर ऐतिहासिक नाटक करू इच्छिणाऱ्या शिक्षकाला आणि विद्यार्थिनींना या दोन्ही प्रकारच्या पुराव्यांशी वेगवेगळे वागावे लागते. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे. नाटकाचे ठिकाण म्हणून मोठे नाट्यगृह डोळ्यांसमोर नाही. शाळेतील एखादी खोली, बुद्धविहाराला लागून असलेले दालन, जिथे वस्तीतील घरांनी आपापल्या जुन्या वस्तू आणून ठेवल्या आहेत, असे लोकसंग्रहालय डोळ्यांसमोर आहे.

प्रथम दगडाकडे जाऊ.

आपल्याला सर्वांत जवळचे लेणे कोंढाण्याचे. कोंदिवडे ओलांडून राजमाचीच्या पायथ्याशी गेले की तेथील चैत्यगृहाजवळ एका भग्न मूर्तीच्या बाजूला ब्राह्मी लिपीतील एक ओळ आहे. कण्ह याच्या बलक नावाच्या शिष्याने हे केले, एवढाच तिचा आशय. गुरू आणि शिष्य दोघेही पुरुष. सहलीला गेलेल्या मुली ही ओळ वहीत उतरवून घेतात आणि पुढे चालू लागतात. पण बोरघाट चढून मावळात उतरले की चित्र बदलते. भाजे येथील एका लेण्यात बाधा नावाच्या स्त्रीच्या दानाचा उल्लेख आहे. ती स्वतःला ‘हालिकजाया’ म्हणविते. हालिक म्हणजे नांगर धरणारा. म्हणजे ती नांगऱ्याची बायको. ‘हालिक’ हे तिच्या नवऱ्याचे नावच असावे असेही काही अभ्यासक वाचतात. बेडसे येथे पाण्याच्या एका पोढीवर सामडिनिका या महारठिनीचा लेख आहे. ती महाभोजाची मुलगी आणि आपदेवणक याची पत्नी. ही पोढी तिचे दान आहे.

आपल्याच रायगड जिल्ह्यात, तळा तालुक्यात मांदाडजवळ राजपुरी खाडीच्या काठी कुडे येथे २६ लेणी आहेत. स्त्रियांच्या नावांच्या दृष्टीने ती फार श्रीमंत आहेत. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील लेखांचे वाचन १८८१ साली प्रसिद्ध केले. त्यांतील एका लेखात पदुमनिका ही प्रव्रजित स्त्री लेण्याचे दान करते. तिची आई नागनिका, तीही प्रव्रजित. पतिमित आणि अगिमित या दोन आदरणीय स्थविरांशी असलेले भाचीचे नाते लेखात सांगितले आहे. दानात तिच्याबरोबर बोधि आणि असाळ्हमिता या तिच्या शिष्या आहेत. एका ओळीत चार स्त्रिया, आणि चौघीही कोणाच्या बायको म्हणून आलेल्या नाहीत. भाया‌िला नावाची एक ब्राह्मण स्त्री आहे. तिचा पती उपासक, आणि तिचे दान चैत्यगृहाचे. आणखी एका लेखात महाभोजांच्या पदरी असलेल्या शिवम याचे सारे कुटुंब दानात उतरले आहे : लेणे शिवमाचे, दगडातील कोरीवकाम त्याची पत्नी विजया आणि मुलगे यांचे, आणि खांब त्याच्या मुलींचे. सपा, शिवपालिता, शिवदत्ता आणि सुलसदत्ता ही त्या मुलींची नावे.

नाटक लिहिणाऱ्याला हा लेख म्हणजे हाती आलेला प्रवेशच आहे. मला तर तो सजविण्याचीही गरज वाटत नाही. चार मुलींनी चार खांबांसारखे उभे राहावे, प्रत्येकीने आपले नाव सांगावे आणि ‘हा खांब माझा’ एवढेच म्हणावे. छत त्यांच्यावर आहे हे प्रेक्षकांना दिसतेच.

मोह मात्र येथूनच सुरू होतो. बाधाचा नवरा दारू पितो, सामडिनिकेला सवतीचा जाच आहे, पदुमनिका प्रेमभंग होऊन प्रव्रज्या घेते, असे काहीतरी घातल्याशिवाय आपल्याला नाटक झाल्यासारखे वाटत नाही. दूरदर्शनच्या मालिकांनी आपली ही सवय पक्की केली आहे. पण पदुमनिकेच्या लेखात दुःखाचा एकही शब्द नाही. त्यात दान आहे, आई आहे, शिष्या आहेत. ज्या बाईने दोन हजार वर्षे टिकेल असे काहीतरी कोरवून घेतले, तिला आपण एका रडक्या कथेत का कोंडावे? तिच्याविषयी विचारण्यासारखे खरे प्रश्न वेगळेच आहेत. घर सोडलेल्या स्त्रीजवळ लेणे कोरवून घेण्याइतके द्रव्य कोठून आले? आई आधी संघात गेली की मुलगी? पाथरवटाशी व्यवहार कोणी केला? हे प्रश्न रंगमंचावर प्रश्न म्हणूनच उच्चारावेत. नटीने प्रेक्षकांकडे पाहून ‘हे दगडाने मला सांगितलेले नाही’ असे म्हणणे हा नाट्यातील दुबळेपणा नव्हे. विद्यार्थिनींना इतिहास आणि गोष्ट यांतील फरक समजण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

आता दुसरा प्रकार. तो जवळचा आहे आणि म्हणून अधिक कठीण.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि २० मार्चला बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सत्याग्रह परिषद झाली. सभामंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याबाबत न्यायालयाचा मनाईहुकूम आला होता म्हणून प्रत्यक्ष सत्याग्रह तहकूब ठेवण्यात आला. तळ्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने कायम होण्यास १९३७ चा मार्च उजाडावा लागला. हा सारा इतिहास आपल्या मुलांना तोंडपाठ असतो. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले, हे मात्र पुष्कळदा शेवटच्या ओळीत येते किंवा येतच नाही.

त्या भाषणाचा रोख अगदी रोजच्या गोष्टींवर होता. जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाका. कोपरापर्यंत चढविलेले कथलाचे नि चांदीचे जड दागिने टाका. मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका. मुलांना, आणि मुलींनाही, शिकवा. स्त्रियांनी हे ऐकून घरी जाऊन विचार करू असे म्हटले नाही. तिथल्या तिथे नेसणे बदलले. गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेले लुगडे घोट्यापर्यंत खाली आले. या कामी लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे यांनी त्यांना साहाय्य केले. सत्याग्रहात बाबासाहेबांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सवर्ण कुटुंबांतील या दोघी. त्यांचे ऋण मोठेच आहे.

पण थोडे थांबून पाहावे. त्या प्रसंगाच्या सांगण्यात आपल्या ओठांवर सहज येणारी दोन नावे लुगडे नेसविण्यास मदत करणाऱ्यांची आहेत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची खूण अंगावरून उतरविली, त्या आपल्या कुलाबा-रत्नागिरीच्या आज्या-पणज्या त्या वर्णनात ‘स्त्रिया’ या एकाच शब्दात उभ्या आहेत. कुड्याच्या लेखात अगदी उलट आहे. तेथे चार मुलींची चार नावे आहेत, पण त्यांनी खांब देण्यापूर्वी किंवा नंतर काय केले ते आपल्याला दिसत नाही. महाडला काय केले ते झळझळीत दिसते आणि नाव दिसत नाही. मला हा विरोध फार अस्वस्थ करतो. सामडिनिकेने पाण्याची पोढी दिली, तिचे नाव पाण्यावर कोरले गेले. पाण्याच्या हक्कासाठी महाडला आलेल्या बायांच्या नावाचा एखादा तरी दगड असावयास हवा होता.

येथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, महाडच्या या प्रसंगावर मी एक छोटी नाटिका लिहिली. मध्यवर्ती पात्राला नाव हवे म्हणून एक नाव दिले. नाव चांगले होते, जुन्या वळणाचे होते, आणि मुलीने कामही उत्तम केले. पुढच्या वर्षी सहामाही परीक्षेत ‘महाडच्या सत्याग्रहातील स्त्रियांचा सहभाग’ या प्रश्नाच्या उत्तरात सात-आठ मुलांनी तेच नाव लिहिले. एकाने तर तिचे गावही लिहिले. ते मी संवादात गंमत म्हणून घातले होते. गुण द्यावेत की कापावेत हे मला कळेना. ज्या बाईचे नाव इतिहासाने हरवले, तिच्या जागी मी एक खोटी बाई बसवून ठेवली होती आणि आता खरी सापडली असती तरी तिला बसायला जागा उरली नव्हती. ते नाव मी येथे पुन्हा लिहीत नाही.

त्या अनुभवानंतर मी एक साधी शिस्त पाळतो. संहिता लिहिताना तीन शाईंनी लिहावी. लेखात, वृत्तपत्रात, छापील ग्रंथात जे आहे ते काळ्या शाईने. घरातील किंवा वस्तीतील वडीलधाऱ्यांनी ‘आमची आजी सांगायची’ म्हणून जे सांगितले ते निळ्या शाईने, आणि सांगणारीची परवानगी असेल तर तिच्या नावासह. आपण कल्पनेने घातले ते लाल शाईने. वहीचे पान उघडताच कोणता रंग किती आहे ते डोळ्यांना दिसते. माझ्या जुन्या नाटिकेचे पान असे रंगविले असते तर ते गुलालाने माखल्यासारखे दिसले असते.

हा भेद प्रयोगातही दिसला पाहिजे. नाहीतर तो मास्तरांच्या वहीतच राहील. यासाठी खर्चिक काही लागत नाही. दालनाच्या एका भिंतीशी शिलालेखाची कागदी प्रतिकृती किंवा जुन्या वृत्तपत्राची मोठी केलेली छायाप्रत असावी. काळे वाक्य तिथे उभे राहून म्हणावे. मध्यभागी एक चटई अंथरावी. निळे वाक्य चटईवर बसून सांगावे, जसे घरात आजी सांगते. आणि लाल वाक्य प्रेक्षकांमध्ये येऊन, ‘असे झाले असेल काय?’ या सुरात म्हणावे. दुसऱ्याच प्रवेशात प्रेक्षकांना ही खूण कळते. पुढे एखादी मुलगी चटईवरून उठून प्रेक्षकांत आली की कोणी न सांगता सर्वांना कळते की आता कल्पना सुरू झाली. त्यामुळे कल्पनेचा रस कमी होत नाही. उलट लोक कान देऊन ऐकतात.

यात माझे नवे काही नाही. एक अभिनेत्री, मोजकी सामग्री आणि थेट प्रेक्षकांशी बोलणे एवढ्यावर किती मोठे काम उभे राहते हे सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय मी सावित्रीबाई’ या १९८९ पासूनच्या एकपात्री प्रयोगाने महाराष्ट्राच्या गावोगावी दाखवून दिले. त्यांनीच पुढे उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मकथनाला रंगमंचावर आणले. तेथे तीन अभिनेत्री मिळून एकीचे आयुष्य सांगतात. आपल्या दृष्टीने या दुसऱ्या प्रयोगाला विशेष महत्त्व आहे. आयदान म्हणजे कोकणात बांबूपासून विणलेल्या सुपे, टोपल्या वगैरे वस्तू. लेखिकेची आई ती विणून संसार चालवीत असे. म्हणजे त्या आत्मकथनाचे नावच एका वस्तूचे आहे. आपल्या संग्रहालयात सूप असेल, टोपली असेल, तर तिच्याजवळ कसे उभे राहावे याचा धडा तेथे आहे. नुसते ‘जुने सूप, बांबू’ अशी चिठ्ठी लावली की सूप मुके होते. कोणी विणले, बाजारात त्याला काय मिळाले, ते पैसे कोणाच्या हातात गेले हे विचारले की बोलू लागते.

त्याच उर्मिला पवार यांनी मीनाक्षी मून यांच्यासह ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्याकडून ऐकून लिहिलेला हा ग्रंथ १९८९ साली आला. तोपर्यंत चळवळीच्या इतिहासात या स्त्रिया बहुतांशी गर्दीचा भाग होत्या. ज्यांना नाटक करावयाचे आहे त्यांनी तालमीपूर्वी हा ग्रंथ वाचावाच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तसे काम आपल्या वस्तीत करावे.

त्यासाठी विचारावे कसे, हे मात्र शिकावे लागते. वही-पेन घेऊन गेलेली विद्यार्थिनी विचारते, ‘आजी, चळवळीत तुमचे योगदान काय?’ आजी म्हणते, ‘आमचं कसलं आलंय योगदान, बाय. आम्ही भाकऱ्या भाजल्या.’ आणि मुलगी उठून येते. वास्तविक खरी मुलाखत तिथे सुरू व्हावयास हवी. किती जणांच्या भाकऱ्या? पीठ कोणाच्या घरचे? सभेला गेलात तेव्हा तान्हे कोणाकडे ठेवले? परत यायला रात्र झाली तेव्हा वाटेत कोण होते? अशा प्रश्नांना उत्तरे येतात. दुसरी अडचण घरातील पुरुषांची. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण आजीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देतात. मुलींनी दुपारी, भांडी-धुणी आटोपल्यावर जावे. त्या वेळी घरात बायकाच असतात. १९२७ साली महाडला गेलेली बाई आता भेटणार नाही. पण तिची नात भेटेल. आणि १९५६ नंतर ज्या घरांनी देव्हारे रिकामे केले, त्या घरांत तेव्हा लहान असलेल्या मुली आज ऐंशीच्या घरात आहेत. देव्हाऱ्यातील टाक उचलून नदीकडे कोण निघाले, सासू काय म्हणाली, रिकाम्या कोनाड्यात त्या रात्री काय ठेवले, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? कातकरी-ठाकर वाड्यांतून आलेल्या आपल्या विद्यार्थिनींनी आपापल्या आयांना मोळीच्या, वीटभट्टीच्या गोष्टी विचाराव्यात. स्थानिक स्त्रियांच्या नाटकात त्यांना जागा नसेल तर ‘स्थानिक’ हा शब्द आपण फार आखूड नेसविला असे होईल.

आता संग्रहालयातील वस्तूंचा प्रश्न. तो वाटतो त्याहून नाजूक आहे.

असे दालन उघडले आणि वस्तीत आवाहन केले की काय येते? जाते, पाटा-वरवंटा, पितळी तांब्या, कंदील, कुणाच्या आजोबांची समता सैनिक दलाची टोपी, विरलेले लुगडे. आणि एखाद्या घरातून, जुन्या ट्रंकेच्या तळातून, कथलाची वाळी. वाळी आली की आपल्याला आनंद होतो. अशी वस्तू दुर्मीळ. ती काचेच्या पेटीत जाते, चिठ्ठी लागते, ‘पारंपरिक स्त्री-अलंकार’. येथेच मला आक्षेप आहे. ज्या वस्तू टाकून द्या असे महाडला सांगितले गेले आणि बायांनी त्या टाकल्या, त्याच आपण आता ‘परंपरा’ म्हणून काचेत मांडतो. वस्तू जपलीच पाहिजे. परंतु त्या बाईचा इतिहास वाळी घालण्यात नाही, उतरविण्यात आहे. चिठ्ठीवर तो यावयास हवा, आणि चिठ्ठीला जे जमत नाही ते नाटकाला जमते.

म्हणून माझी सूचना अशी की महाडच्या प्रवेशात वेशभूषेचा थाट करू नये. सहसा काय होते? जुन्या काळातील बाई दाखवायची म्हणून मुलीला भरजरी नऊवारी, नथ, खोटे दागिने घालतात. ती शिवकालीन सरदारीण दिसू लागते. त्याऐवजी मुलीने साध्या गणवेशावर जाडेभरडे लुगडे गुडघ्यापर्यंत नेसून यावे आणि प्रेक्षकांसमोर, घाई न करता, ते घोट्यापर्यंत खाली करावे. हातांतील कथलासारख्या दिसणाऱ्या बांगड्या एकेक काढून ताटात ठेवाव्यात. धातूवर धातू पडल्याचा आवाज त्या लहान खोलीत पुरेसा मोठा होतो. त्या वेळी पार्श्वसंगीत नको, निवेदनही नको. शेजारी उभ्या असलेल्या लक्ष्मीबाईंच्या पात्राने निऱ्या धरून द्याव्यात, एवढेच. आणि मग नाव. तिचे नाव विचारले जाते आणि ती उत्तर देत नाही; प्रेक्षकांकडे पाहते. लाल शाईचे हे एकच वाक्य मी ठेवीन, आणि तेही उच्चारलेले नाही.

ताटात पडणाऱ्या बांगड्या खऱ्या नसाव्यात हे वेगळे सांगावयास हवे. संग्रहालयातील कोणतीही मूळ वस्तू प्रयोगात वापरू नये. लुगड्याची जुनी घडी वारंवार उलगडली की घडीवरच फाटते. हाताचा घाम कथलाला आणि कागदाला सारखाच मारक. मेणबत्ती व अगरबत्ती पूजास्थानी ठीक, पण कागद आणि कापड ठेवलेल्या दालनात प्रयोगाच्या वेळी त्या पेटवू नयेत. विजेचे दिवेही वस्तूंवर थेट रोखू नयेत. वस्तू देणाऱ्या घराचे नाव, वस्तू कोणाची होती, कोणत्या अटीवर दिली आणि परत मागितल्यास काय, हे नोंदवहीत आधी लिहून घ्यावे. यात हयगय झाली की पुढे मनस्ताप होतो. देणगीदार म्हणून घरातील कर्त्या पुरुषाचे नाव लिहिण्याची आपली सवय आहे. वाळी पणजीची, जपली आजीने, आणि नोंदवहीत नाव नातवाचे! कुड्याचा शिवम आपल्याहून बरा. त्याने बायकोचे आणि मुलींचे दान त्यांच्या त्यांच्या नावाने लिहविले.

लेण्यांतच प्रयोग का करू नये, असे विद्यार्थी विचारतात. ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तेथे प्रयोग करावयाचा तर रीतसर अनुज्ञा लागते, आणि उत्साहाच्या भरात अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू फासण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. तो कदापि करू नये. सकाळी किंवा सायंकाळी उन्हाची तिरीप पडते तेव्हा अक्षरे आपोआप उठून दिसतात. त्या वेळी छायाचित्र घ्यावे आणि त्यावरून मोठ्या कागदावर मुलींनी स्वतः अक्षरे गिरवावीत. ब्राह्मीतील ‘प’ आणि ‘द’ गिरविता गिरविता पदुमनिका त्यांची होते. पाठांतराने होत नाही.

भाषेविषयी थोडे. प्राचीन पात्र आले की आपण त्याच्या तोंडी ‘हे आर्यपुत्रा’ घालतो. लेखांची भाषा तर प्राकृत, त्या काळच्या लोकांची बोली. तेव्हा पदुमनिकेने सरळ, स्वच्छ मराठी बोलावे, आणि नावे लेखात आहेत तशी प्राकृतच ठेवावीत. पदुमनिकेची पद्मिनी करू नये. महाडच्या बायांचे बोलणे मात्र शिक्षकाने लिहूच नये. वस्तीतील दोन-तीन वयस्कर स्त्रियांना तालमीला बोलवावे, प्रसंग समजावून सांगावा आणि ‘तुम्ही असता तर काय म्हणाला असता?’ असे विचारून त्यांच्या शब्दांत संवाद बसवावे. पुस्तकी मराठीत जिथे पाच वाक्ये लागतात तिथे त्या दोन शब्दांत विषय संपवितात. आंबेडकरी जलशांनी लोकभाषेत केवढे प्रबोधन केले हे आपण जाणतो. पण त्या जलशांत स्त्रीपात्रेही बहुधा पुरुषच करीत. बाईचा शब्द बाईच्या तोंडून येण्याचे राहून गेलेले काम आपल्या मुलींकडे आले आहे.

नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू जतन करून ठेवल्या आहेत. वामनराव गोडबोले यांनी तो संग्रह उभा केला, हे अनेकांना माहीत असते. ती जमीन गोपिकाबाई ठाकरे या स्त्रीने दिली, हे सांगितले की ऐकणारा क्षणभर थांबतो. बाधा, सामडिनिका, पदुमनिका यांची रांग तेथवर येते. फरक एवढाच की गोपिकाबाईंना ओळखणारी माणसे अजून सापडू शकतात, आणि तेथील एखाद्या शाळेने त्यांच्याकडे जावयास हवे.

प्रयोग एकदाच करून थांबू नये. पहिला प्रयोग वस्तीतील स्त्रियांसाठी ठेवावा, पाहुण्यांसाठी नव्हे. सत्कार, शाल, श्रीफळ काही नको. तीस-पस्तीस जणी दाटीने बसतील एवढेच दालन असते, तेवढे पुरे. प्रयोग संपताच टाळ्यांनंतर दिवे पूर्ण लावावेत, चटई तशीच ठेवावी आणि मुलींनी तीन शाईंची वही घेऊन तिच्यावर बसावे. कोणी म्हणेल, ‘लुगडं असं नव्हतं खोचत.’ कोणी म्हणेल, ‘आमच्या आजीने वाळी टाकली नाही, मोडून पोराची फी भरली.’ कोणी आपल्या पणजीचे नाव सांगेल आणि ती महाडला गेली होती असे म्हणेल. ते निळ्या शाईने लिहून घ्यावे. काळ्या शाईचा आधार मिळतो का ते नंतर शोधावे, आणि मिळेपर्यंत ते नाव चटईवर बसूनच घ्यावे. काचेच्या पेटीतील वाळ्यांशेजारी एक कोरी चिठ्ठी आधीपासूनच लावून ठेवावी. दुसऱ्या प्रयोगापूर्वी संहिता आणि ती चिठ्ठी, दोन्ही पुन्हा लिहावीत.